देवघराच्या भिंतीवरची काच

नांदुरा
११ फेब्रुवारी २०२५

आदरणीय दयाराम मामांना मंजुश्रीचा सविनय जय भीम.

तुमच्याशी फोनवर बोलण्यात काही हशील नाही. मागच्या खेपेला मी घशाच्या शिरा ताणून घराबद्दल सांगत होते आणि तुम्ही बेबीमामीला विचारत होता, "पोरगी रडून काऊन राह्यली?" म्हणून हे पत्र. शाळेत पंधरा वर्षं मराठी शिकवून हात पुस्तकी वळतो, मनावर घेऊ नका.

मामा, घर सापडलं आहे. माझ्या शाळेपासून चालत दहा मिनिटं, जुन्या लेआउटमध्ये. हॉल, तीन खोल्या, स्वयंपाकघर, कोपऱ्यात देवघर, अंगणात कडुनिंब. बांधकाम १९८८ चं. भगवंतराव नावाच्या गृहस्थांनी बांधलं होतं, ते आता नाहीत. त्यांचे चिरंजीव शरच्चंद्रराव, रिटायर झालेले क्लार्क, विकायला काढतायत. त्यांचा मुलगा धवल पुण्याला असतो, तिकडेच राहायला जायचं म्हणतात.

आत्ता राहतोय ते लग्नानंतरचं आमचं सातवं भाड्याचं घर, तुम्हाला माहीतच आहे. खोली पाहायला गेलं की आधी नाव विचारतात, तोवर सगळं ठीक असतं. मग आडनाव विचारतात आणि मग "कळवतो" म्हणतात. आताच्या घरमालकानंही मेअखेर रिकामी करा म्हणून सांगितलंय. धम्मशीला जूनमध्ये दहावीत जाईल. तिनं नव्या घरात टेबल कोणत्या खिडकीपाशी ठेवायचं तेही ठरवून टाकलं आहे. शरच्चंद्ररावांनी आडनाव ऐकलं आणि सरळ चहा मागवला. विकत घेणाऱ्याचं आडनाव लोक एवढं मनावर घेत नाहीत, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आता अडचण सांगते. कर्जासाठी बँकेनं घराची तपासणी करून आणायला सांगितली. अश्विनी मॅडम म्हणून तरुण इंजिनिअर आहे, तिनं दोन तास घर पाहिलं आणि अकरा पानांचा अहवाल दिला. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. प्रत सोबत जोडली आहे, पण मुख्य ओळी इथं उतरवून देते:

"ईशान्य कोपऱ्यातील देवघराच्या भिंतीस खालून वर तिरका तडा, सर्वांत रुंद ठिकाणी सात मिलिमीटर. पाया खचल्याचे लक्षण. जमीन काळी व फुगणारी. संपूर्ण इमारतीचा पाया उथळ असण्याची शक्यता नाकारता येत नाही. अंदाजे उर्वरित आयुष्य आठ वर्षे. खरेदीबाबत पुनर्विचार करावा."

तुमचे जावई संघपाल म्हणतात, आमच्या रेल्वेत सिग्नल लाल असला की थांबायचं, सिग्नलशी वाद घालायचा नाही. मी म्हटलं, माझ्या मामानं उमेदीत दगड बसवलेत, त्याला विचारल्याशिवाय मी थांबणार नाही. बयाणा अजून दिलेला नाही. घाबरायचं किती आणि घाबरायचं की नाही, एवढंच सांगा.

मामीला जय भीम.

तुमची मंजू

---

डोणगाव
१७ फेब्रुवारी

चि. मंजूले जय भीम अन् आशीर्वाद.

तुह्यं पत्र भेटलं, ते अकरा पानंही भेटले. चष्मा लावून सगळे वाचले.

घेऊ नोको. त्या इंजिनिअर पोरीनं लिहिलं ते बरोबर आहे. काळी माती उन्हाळ्यात फाटते अन् पावसाळ्यात फुगते. तिच्यावर घर म्हणजे रेड्याच्या पाठीवर ठेवलेलं ताट. त्यात तुमच्या तिकडचं पाणी खारं, विटा खाते. जुनं घर म्हणजे हजार भानगडी. एक दुरुस्त करा त दुसरी निघते.

हॉलच्या दारावरची विटांची कमान पाहून भुलली असशील त भुलू नोको. कमान शाबूत आहे म्हणून घर शाबूत राहत नाही.

नांदुऱ्यात काय एवढं एकच घर आहे? दुसरं पाह्य. मामी म्हणते, पोरीले नीट समजावून लिहा. काय नीट लिहू, घेऊ नोको म्हणजे घेऊ नोको.

धम्मशीलेले आशीर्वाद. संघपाल शहाणा माणूस आहे, त्याचं ऐकत जाजो.

तुहा मामा
दयाराम

---

नांदुरा
२७ फेब्रुवारी

मामा, जय भीम.

रागावू नका, पण तुमचं पत्र वाचून मलाच राग आला. एवढ्याशा पोस्टकार्डभर मजकुरात तुम्ही माझं घर मोडून टाकलं. काळी माती फुगते हे मला चौथीतलं पोरगंही सांगेल. तुम्ही मिस्त्री आहात, तडा रुंद कुठं आहे, वर की खाली, नवा की जुना, एक तरी प्रश्न विचाराल असं वाटलं होतं.

आणि कमानीचं काय? मी कमानीबद्दल लिहिलं नव्हतं. अहवालात तिचं नाव नाही. तिच्यावर आता प्लायवूडचं सिलिंग ठोकलेलं आहे. तुमचं पत्र आल्यावर मी मुद्दाम पुन्हा गेले, स्टुलावर चढले, फटीतून टॉर्च मारला, तेव्हा दिसली. फार देखणी आहे. तुम्ही त्या घरात कधी गेला होता, मामा?

त्या दिवशी शरच्चंद्ररावांना मी तड्याचं विचारलं. ते काय म्हणाले, जसंच्या तसं लिहिते: "बाबा भोळे होते हो. मिस्त्रीनं पाया खाल्ला. त्या लोकांना काम द्यायलाच नको होतं, असं बाबा शेवटपर्यंत म्हणायचे. पुढं कोणी फसू नये म्हणून ओळखीच्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं त्यांनी." मग त्यांना माझं आडनाव आठवलं असावं. "म्हणजे तुमच्याबद्दल नाही हं म्हणत मी," असं म्हणून त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

खोटं कशाला सांगू, मला घर हवं होतं म्हणून मी चहा संपवला. घरी आल्यावर माझीच मला लाज वाटली. वर्गात मुलांना ताठ मानेनं बोला म्हणून सांगते मी.

पण मामा, तो मिस्त्री कोणी का असेना, मला घराचं सांगा. खरंच पडेल का ते?

मंजू

---

डोणगाव
६ मार्च

चि. मंजू, जय भीम.

तुह्यं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा मामीले वाचाले लावलं, म्हटलं माहे डोळेही कानासारखे झाले काय.

तो मिस्त्री मी होये.

ते कमान म्या बांधली. भगवंतरावानं मले मुद्दाम बोलावणं धाडलं होतं, काऊन का तेव्हा नांदुऱ्यात दगडाचं काम माह्यासारखं कोणाचं नव्हतं. बढाई नाही मारून राह्यलो, होतं ते सांगतो. एकतीस वर्षाचा होतो. काळी माती खणत गेलो, साडेपाच फुटावर मुरूम लागला, तिथून काळा दगड बसवत वर आलो. भगवंतराव रोज सकाळी येऊन पाहे अन् खूश होऊन जाय.

देवघर नकाशात नव्हतं. त्याच्या बायकोनं, रुखमाबाईनं, मधातच काढलं का ईशान्य कोपऱ्यात देवघर पाह्यजे. मी आखणीची दोरी लावाले गेलो त बाई नवऱ्याशी हळूच काही बोलली. मंग भगवंतराव माह्यापाशी आला. आवाज लय गोड होता. म्हणे, "दयाराम, तू समजदार आहेस. घर तूच बांध. पण देवघराच्या कामाला आमचाच माणूस लागतो." 

मंग त्याईनं किसनराव आणला, रुखमाबाईच्या माहेरचा. देवळाच्या ओट्याले फरशा लावे तो, पाया त्यानं जन्मात खणला नव्हता. अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरायचा होता, हातात दोन दिवस. त्यानं दोन फूट खणलं, काळ्या मातीतच गोटे भरले अन् भिंत उचलली. मी भगवंतरावाले सांगतलं, मालक, इथं भिंत उभी राहत नाही, साडेपाच फूट जा. तो म्हणे, "देवाचं काम आहे, देव पाहील."

मंग मी माह्या भिंतीचे दगड त्याच्या भिंतीत अडकू देले नाही. मधात उभा सांधा सोडला. त्याची भिंत बसली त एकटी बसावी, माही ओढून नेऊ नये.

अन् खरं सांगतो मंजू, तुह्यापासून काय लपवू. वास्तूच्या जेवणाले मले अंगणात कडुनिंबाखाली बसवलं. घर बांधणारा घराबाहेर. समोर पत्रावळ होती, अन् मी त्या कोपऱ्याकडं पाहून मनात म्हणलं, खचू दे. म्हणून तुले घेऊ नोको लिहिलं. रिपोर्टचं काही नव्हतं त्यात. तू त्या घरात राहशील, मी येईन, अन् तो कडुनिंब दिसल. हे तुले सांगाले लाज वाटली.

पण तू लिहिलेलं मले माहीत नव्हतं. घर झाल्यावर वर्षभरात मले नांदुऱ्यात काम भेटणं बंद झालं. ज्याच्या दारात जाओ तो म्हणे, पाहू, कळवतो. मी समजलो आपलं नशीब पडलं. डोणगावले आलो, गिट्टीच्या क्रशरवर लागलो, बावीस वर्ष. कान तिथंच गेले. सदतीस वर्ष मी नशिबाले शिव्या देल्या, अन् तो भला माणूस घरोघर माह्यं नाव सांगत फिरत होता. चोर सोडून संन्याशाले फाशी. आता तो मेला, कोणाले विचारू?

जाऊ दे. रिपोर्टचं ऐक. "शक्यता नाकारता येत नाही" लिहिलं म्हणजे त्या पोरीनं खणून पाह्यलं नाही. तिचा दोष नाही. तिनं एक कोपरा पाह्यला अन् सगळं घर त्याच हातचं धरलं. कोणीही तसंच धरल. एका घराले दोन हात लागले हे तिले कोण सांगणार होतं?

काचेच्या तीन पट्ट्या कापून आणजो, बोटाएवढ्या रुंद, पातळ. एक देवघराच्या तड्यावर आडवी, एक हॉलच्या भिंतीवर, एक समोरच्या कोपऱ्यावर. दोन्ही टोकं सिमेंटनं पक्के चिकटवजो अन् बाजूले तारीख लिहिजो. भिंत हालली त काच फुटते, काच लबाडी करत नाही. उन्हाळ्याचा महिना जाऊ दे. मंग दोन जागी भिंतीलगत खड्डे करून पाया उघडा कर, एक देवघराकडं, एक हॉलकडं. इंजिनिअर पोरगी तिथं हजर पाह्यजे, मोजमाप तिच्या हातानं होऊ दे. तडा सांध्यापाशी थांबला असल त बाकीचं घर तुह्या नातवापर्यंत चालते.

घ्यायचं का नाही ते तूच ठरवजो. मी आता घेऊ नोको म्हणत नाही.

मामा

---

नांदुरा
९ एप्रिल

मामा, जय भीम.

तुमचं पत्र मी शाळेत मधल्या सुटीत वाचलं. पुढच्या तासाला पोरांना शुद्धलेखन उतरवायला लावलं. लहानपणी तुमच्या कानाशी ओरडून आम्ही भावंडं हसायचो, ते आठवत बसले. महिनाभर उत्तर लिहिलं नाही, कारण रिकाम्या हातानं लिहायचं नव्हतं.

आता ऐका. पंधरा मार्चला तिन्ही काचा लावल्या. शरच्चंद्ररावांना सांगितलं, बँकेला हवं आहे. ते म्हणाले, लावा. दोन एप्रिलला देवघरावरची काच मधोमध फुटली. हॉलची आणि समोरची जशीच्या तशी आहे, मी नखानं टिचकी मारून पाहिली. तडा वर जाऊन बरोब्बर एका उभ्या रेघेपाशी थांबतो. प्लॅस्टर खरवडलं तर खाली तुमचा सांधा.

लगेच तीन तारखेला खड्डे केले. अश्विनी मॅडम चप्पल काढून स्वतः खड्ड्यात उतरली. देवघराकडे पाया एक फूट अकरा इंच, खाली काळीच माती. हॉलकडे पाच फूट सात इंच, मुरमावर. तिनं टेप तीनदा लावला. मग दगडावर हात फिरवून म्हणाली, हे मिस्त्री अजून आहेत का. म्हटलं आहेत, फक्त ऐकू येत नाही.

शरच्चंद्रराव काठावर उभे होते. मी म्हटलं, "काका, तो मिस्त्री माझा सख्खा मामा. ही भिंत त्याची, आणि ती देवघराची त्याला बांधू दिली नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "बरं झालं, कळलं," म्हणाले. एवढंच. माफी नाही मागितली, पण त्यांचा चेहरा उतरला होता. मला तेवढं पुरलं.

मॅडमनं नवा अहवाल दिला: "मुख्य इमारतीचा पाया उत्तम. ईशान्य कोपरा स्वतंत्र व सदोष, तो उतरवून नव्याने बांधावा. उर्वरित आयुष्य चाळीस वर्षांहून अधिक." बँकेनं होकार दिला. एक प्रत मी शरच्चंद्ररावांच्या हातात ठेवली. संघपाल म्हणत होते, सौदा होईपर्यंत त्यांना कशाला देतेस. मी म्हटलं, सदतीस वर्षं त्या घरात मामाचं नाव खराब होतं, आता त्याच घरात कागद राहू दे.

पंचवीस एप्रिलला, शुक्रवारी, बयाणा आणि इसारपावती. तुम्ही आणि मामी आदल्या दिवशीच या. मी तुम्हाला पुढच्या दारानं आत नेणार आहे, कमानीखालून. धम्मशीला म्हणते, आजोबांनी पहिला पाय ठेवायचा, मग आम्ही.

तुमची मंजू

---

डोणगाव
१३ एप्रिल

चि. मंजू, उद्याच्या जयंतीचा जय भीम आजच.

एक फूट अकरा इंच. म्हणजे किसनरावानं एक इंच चोरला, मी दोन फूट समजत होतो. अन् मी माह्याकडचा एक इंच जास्त देला. मामीले सांगतलं त म्हणे, आता पुरे, सकाळपासून पाचवी खेप आहे.

चोवीसले येतो. मेहकरवरून बस आहे. ओळंबा घासून ठेवला, नव्या दोरीत ओवला. देवघर उतरवायचं त भिंतीतल्या विटा फेकू नोको, चांगल्या भाजलेल्या आहेत. खाली मुरमापर्यंत जाऊ, अन् तिथं धम्मशीलेच्या अभ्यासाची खोली करू. पूर्वेले खिडकी ठेवू, सकाळचं ऊन पुस्तकावर आलं पाह्यजे. दगड मी स्वतः बसवतो. बसून बसून बसवीन, पण हात लावू देणार नाही कोणाले.

कडुनिंब तोडू नोको. त्याच्याखाली मी बाज टाकून निजणार आहे.

मामा

---

नांदुरा
१८ एप्रिल २०२५

सौ. मंजुश्रीताई यांना नमस्कार.

प्रत्यक्ष बोलण्यापेक्षा लिहिणे बरे, म्हणून हे पत्र.

आपण दिलेला सुधारित अहवाल चि. धवलला पाठवला होता. त्याने तो तिकडील एका जाणकारास दाखवला. एवढे भक्कम घर आत्ताच्या दिवसांत बांधून मिळणार नाही, ते विकण्याची घाई करू नये, असे त्याचे मत पडले. देवघराच्या तड्यामुळे आम्हीही जरा खचलो होतो आणि मिळेल त्या गिऱ्हाइकाला देऊन मोकळे व्हावे असे वाटत होते. आता तशी निकड राहिलेली नाही. त्यामुळे दि. २५ चा व्यवहार रद्द समजावा. लेखी काही झालेले नसल्याने कोणाचेच नुकसान नाही.

आपण खर्चाने तपासणी करून घेतलीत, त्याचा आम्हाला फारच उपयोग झाला. आभारी आहे.

ईशान्य कोपऱ्याचे काम येत्या अक्षय्य तृतीयेस सुरू करत आहोत. देवघराचे काम असल्याने ते कै. किसनरावांच्या पुतण्याकडे सोपवले आहे. आपल्या मामांना अनुभव आहे, तरी पाया नेमका किती खोल घ्यावा ते त्यांना विचारून कळवल्यास बरे होईल.

वडिलांच्या पूर्वीच्या बोलण्याबद्दल म्हणाल तर ते आता हयात नाहीत, त्यामुळे त्याविषयी काही बोलणे उचित नाही.

भिंतीवरच्या काचा सवडीने काढून न्याव्यात.

आपला,
शरच्चंद्र

---

नांदुरा
२१ एप्रिल

मामा, जय भीम.

येऊ नका. बसचं तिकीट काढलं असेल तर परत करा. सोबत शरच्चंद्ररावांचं पत्र जोडते, मला ते सांगायला जमणार नाही. माणूस दहा मिनिटांवर राहतो आणि पत्र पोस्टानं पाठवतो.

हात दाखवून अवलक्षण केलं मी. माझ्याच पैशानं खड्डे खणले, माझ्याच हातानं त्यांना कागद दिला. संघपाल मला एका शब्दानं बोलले नाहीत, ते बोलले असते तर बरं झालं असतं. तडा होता तोवर ते घर माझ्यासारखीला विकायला चालत होतं. मला वाटलं होतं आडनाव मध्ये आलं नाही. "मिळेल त्या गिऱ्हाइकाला" हे वाचलं आणि कळलं की ते आलंच होतं, फक्त चहाच्या कपात विरघळलेलं होतं.

आणि तोंड वर करून तुम्हालाच विचारतात, पाया किती घ्यावा. मी उत्तर देणार नाही. पुन्हा दोन फुटांवर बांधू देत, पुन्हा खचू दे. तुम्ही मनात म्हटलं होतं ना, तेच मी मोठ्यानं म्हणते.

धम्मशीलाला सांगितलं. ती म्हणाली, ठीक आहे, आणि टेबलाचा तो कागदावरचा नकाशा तिनं वहीत घालून ठेवला. रेल्वे गेटापलीकडे दोन खोल्या मिळतायत, आपल्याच माणसाच्या आहेत. एक जूनला तिथं जाऊ.

काचा काढायला मी जाणार नाही असं ठरवलं होतं. आता वाटतं, जाऊन उपटून आणाव्यात. त्यांच्या भिंतीवर माझं अक्षर कशाला?

मंजू

---

डोणगाव
२६ एप्रिल

चि. मंजू, जय भीम.

तिकीट काढलं नव्हतं. पिशवी भरली होती, ते मामीनं सोडली.

त्याच्या पत्राचं उत्तर देजो. साडेपाच फूट लिहिजो, मुरूम लागेपर्यंत, मधात थांबू नोको म्हणावं. मी अठ्ठ्याऐंशीत तोंडानं सांगतलं होतं, आता तू लिहून दे, म्हणजे उद्या माह्या नावावर टाकाले जागा राहणार नाही. तो ऐकणार नाही. मुहूर्त जवळ आहे अन् माणूस त्याचाच आहे, पुन्हा दोन फुटात काम उरकते का नाही पाहजो.

तू लिहिलं खचू दे. मीही तेव्हा म्हणलं होतं. आता म्हणवत नाही, मंजू. देवाची दया आली म्हणून नाही. त्या कोपऱ्याले लागून जी भिंत आहे ते माही आहे.

एक गोष्ट मले तीन दिवसांपासून जेवू देत नाही. तुले घर भेटलं नाही ते कोणामुळं? मी चोर असतो, खरोखर पाया खाल्ला असता, त त्यानं हसत हसत तुले विकलं असतं अन् तू आज तिथं राह्यली असती. मी चांगलं बांधलं म्हणून तुह्यं घर गेलं. असं कोणत्या मिस्त्रीच्या नशिबी येत असल मले माहीत नाही. बेबी म्हणते, असं लिहू नका पोरीले. पण लिहिलं, काऊन का दुसऱ्या कोणाले सांगू?

रिकामी जागा पाह्य. एवढीशी असली तरी चालते. खड्डा मी पाहीन.

काचा उपटाले जाऊ नोको. तिथंच राहू दे. देवघरावरची त फुटलेलीच आहे. बाकीच्या दोन फुटणार नाहीत. मी नसलो तरी नाही, ते घरात असले तरी नाही. तारीख तुह्या हातची आहे.

दयाराम मिस्त्री